घरचा सामाईक संगणक आणि ज्याचे त्याचे दप्तर

(केंद्रस्तरीय शिक्षक-संमेलनातील भाषण)



एकत्र कुटुंबात चूल एक असे, धान्याची कणगी एक असे आणि व्यवहाराची वही कर्त्या पुरुषाच्या हाती असे. तरीही त्याच घरात प्रत्येकाची पेटी वेगळी असे. सासरी आलेली सून आपली ट्रंक माजघराच्या कोपऱ्यात ठेवी व तिची किल्ली कनवटीस बाळगी. आजोबांची खतेपत्रे रुमालात बांधलेली फडताळात असत आणि त्या गाठीस हात लावण्यापूर्वी घरातील मोठी माणसेही त्यांना विचारीत. ह्या कुलपांमुळे घरात अविश्वास नांदतो असे कोणी म्हणत नसे.

संगणक घरात आला तो मात्र ह्या पेटीवाचून आला. बहुतेक घरांत यंत्र एकच असते. ते चालू केले की एकच पडदा उघडतो, आणि त्या पडद्यावर शिक्षकाच्या शाळेतील याद्या, पत्नीचे बचतगटाचे हिशेब, मुलाचे खेळ, मुलीच्या कविता, भाऊबंदांतील जमिनीच्या दाव्याचे कागद व लग्नाची छायाचित्रे एकमेकांशेजारी पडलेली दिसतात. सगळ्यांच्या ट्रंका ओसरीवर उघड्या मांडून ठेवाव्यात, तसाच हा प्रकार होय.

इतर व्यवसायांतील माणसांपेक्षा शिक्षकाने ह्या गोष्टीकडे अधिक लक्ष देण्याचे कारण उघड आहे. त्याच्या घरच्या यंत्रात जे असते ते सगळेच त्याचे नसते. माहिती भरण्याची मुदत जवळ आली आणि शाळेत वीज नाही किंवा इंटरनेट चालत नाही, म्हणजे शिक्षक ते काम घरी आणतो. त्या तक्त्यात विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक व पालकाचा भ्रमणध्वनी असतो. शिष्यवृत्तीच्या यादीत बँकेचा खातेक्रमांक असतो. दिव्यांग मुलाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असते. एखाद्या आईने मुलाच्या फिटांच्या आजाराविषयी गुरुजींना विश्वासाने सांगितलेले असते, आणि ते टिपणाच्या रूपाने त्याच यंत्रात उतरलेले असते. शिक्षकाचा भाचा सुटीत आला आणि चित्रपट शोधता शोधता त्याने ती फाइल उघडली, तर त्यात त्या पोराचा दोष नाही. फाइल उघडी होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात असा निर्णय दिला की, खाजगीपणाचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग असून तो मूलभूत हक्क आहे. त्यानंतर संसदेने २०२३ साली अंकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती ह्या कायद्याच्या दृष्टीने बालक होय. एखाद्याने निव्वळ घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु शाळेच्या कामाची यादी केवळ घरच्या यंत्रात आली म्हणून ती घरगुती ठरत नाही, हे ध्यानी ठेवणे बरे.

आता लोक प्रत्यक्षात काय करतात ते पाहू जाता, तीन उपाय सर्वत्र आढळतात. कोणी फोल्डरास ‘नवीन फोल्डर’ किंवा ‘गणित’ असे निरुपद्रवी नाव देतात. कोणी एका फोल्डरात दुसरा, दुसऱ्यात तिसरा अशी सात घरे पाडून सर्वांत आतल्या घरात कागद ठेवतात. तिसरे, आणि हे स्वतःस जाणकार समजतात, फोल्डराच्या गुणधर्मांत ‘हिडन’ ह्या शब्दापुढे खूण करून तो अदृश्य करतात. हे तिन्ही उपाय लपविण्याचे आहेत, कुलपाचे नाहीत. विंडोज ११ मध्ये फोल्डराच्या खिडकीत वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’ आणि त्यात ‘हिडन आयटम्स’ ही एक कळ दाबली की लपविलेले सगळे फिकट रंगात समोर उभे राहते. पाचवीतील मुलास ही कळ ठाऊक असते. तेवढीही तसदी पुष्कळदा घ्यावी लागत नाही. कारण नुकत्याच उघडलेल्या फायलींची यादी यंत्र स्वतःच करून दाखविते, आणि शोधपट्टीत दोन अक्षरे टंकिली की सात घरांतील कागदही नावानिशी बाहेर येतो. धान्याच्या कणगीत पुरलेले दागिने जसे घुशीने उकरून अंगणात आणावेत, तसे हे यंत्र वागते.

मग कुलूप कोठे आहे? हा प्रश्न घरोघरच्या संगणकाहून पुष्कळ जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली एकाच संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धती करून दाखविली. यंत्र एक आणि माणसे अनेक, असे होताच ज्याच्या त्याच्या फायली निराळ्या राखण्याची अडचण उभी राहिली, आणि प्रत्येकास परवलीचा शब्द देण्याची रीत तेथे पडली. आज ज्यास जग पासवर्ड म्हणते त्याचे संगणकावरील मूळ येथे सापडते. हे कुलूपही निर्दोष नव्हते. १९६२ साली ॲलन शेर नावाच्या एका संशोधकाने आपणास यंत्रावर अधिक वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची फाइलच छापून घेतली. १९६६ साली तर असे झाले की, दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फायली दुरुस्त करीत असता त्यांची अदलाबदल झाली, आणि दररोजच्या सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येकाच्या यंत्रावर उमटू लागले. मोठमोठ्या विद्वानांच्या प्रयोगशाळेत जे घडले ते गावातील घरात घडल्यास नवल नाही. परंतु त्या मंडळींनी जी रीत पाडली, की प्रत्येक माणसाचे खाते वेगळे आणि त्या खात्याचे दार त्याच्याच शब्दाने उघडावे, तीच आजही ह्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

विंडोजच्या यंत्रात हे करण्यास पैसा लागत नाही व विशेष ज्ञानही लागत नाही. ‘सेटिंग्ज’ उघडावे, त्यात ‘अकाउंट्स’, त्यात ‘अदर यूजर्स’ आणि तेथे ‘ॲड अकाउंट’. यंत्र नव्या माणसाचा ईमेल विचारते. तो द्यावयाचा नसल्यास ह्या व्यक्तीची माहिती आपणाजवळ नाही, असे सांगणारी ओळ निवडावी व पुढे मायक्रोसॉफ्टच्या खात्यावाचून नवे खाते करण्याचा पर्याय घ्यावा. नाव व परवलीचा शब्द दिला की खाते तयार होते. शिक्षकाचे एक, पत्नीचे एक, मुलांचे एकेक. ह्यानंतर प्रत्येकाचा पडदा निराळा, प्रत्येकाचे ‘डॉक्युमेंट्स’ व ‘पिक्चर्स’ हे फोल्डर निराळे, आणि एकाच्या फोल्डरात दुसरा शिरू गेला तर यंत्र परवानगी नाही असे सांगून त्यास थांबविते. इंटरनेट पाहण्याचा ब्राउझरही प्रत्येकाचा स्वतंत्र होतो. त्यात साठविलेले पासवर्ड व पाहिलेल्या पानांची नोंद दुसऱ्याच्या पडद्यावर येत नाही.

येथपर्यंत पुष्कळ जण येतात, आणि येथेच एक चूक होते. खाती दोन प्रकारची असतात. एक ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे घराची मोठी किल्ली ज्याच्या कमरेस आहे असा कारभारी. दुसरे स्टँडर्ड, म्हणजे ज्याला स्वतःच्या खोलीपुरती किल्ली आहे असा कुटुंबीय. कारभाऱ्याचे खाते असलेला माणूस दुसऱ्याच्या फोल्डरावर गेला तर यंत्र त्यालाही प्रथम अडविते. परंतु त्याने ‘कंटिन्यू’ ही कळ दाबली की दार उघडते, आणि ते त्याच्यापुरते कायमचे उघडे राहते. घरातील चार खाती चारही कारभाऱ्यांची असली, तर वेगळ्या खात्यांचा उपयोग जवळजवळ शून्य होय. नवीन केलेले खाते सामान्यतः स्टँडर्डच असते. परंतु खेळ बसविता येत नाही अशी मुलाने कुरकुर केली की वडील त्याचे खाते कारभाऱ्याचे करून देतात आणि विसरतात. तसे करू नये. कारभाऱ्याचे खाते एकच असावे, त्याचा शब्द मुलांना ठाऊक नसावा, आणि उत्तम तर असे की शिक्षकानेही रोजचे काम स्वतःच्या स्टँडर्ड खात्यातून करून कारभाऱ्याचे खाते केवळ काही बसविण्यापुरते उघडावे.

दुसरी चूक आपल्याकडे फारच रूढ आहे. विंडोज बिघडून पुन्हा टाकावी लागली तर सी ड्राइव्ह पुसला जातो, हे ऐकून ऐकून लोक महत्त्वाचे सगळे कागद डी ड्राइव्हवर ठेवतात. बिघाडापासून बचाव व्हावा म्हणून ही सवय वाईट नाही. पण वर सांगितलेले कुलूप ज्याच्या त्याच्या खात्याच्या फोल्डरांना आहे. आणि ते फोल्डर सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’ ह्या फोल्डरात असतात. डी ड्राइव्ह म्हणजे घराचे अंगण. तेथे केलेला फोल्डर सामान्यतः यंत्रावरील प्रत्येक खात्यास वाचता येतो, बदलता येतो व पुसताही येतो. चार खाती नीट करून झाल्यावर विद्यार्थ्यांची यादी मात्र डी ड्राइव्हवरच राहिली, तर सगळी खटपट व्यर्थ. यादी आपल्या ‘डॉक्युमेंट्स’मध्ये हलवावी, आणि बिघाडाची भीती असल्यास तिची एक प्रत परवलीच्या शब्दाने बंद करून पेन ड्राइव्हवर कपाटात ठेवावी.

ज्या घरांत विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्सची प्रणाली आहे तेथेही खात्यांची रीत हीच. मात्र २०२१ साली आलेल्या २१.०४ ह्या आवृत्तीपूर्वी त्या प्रणालीत एका खात्याचे फोल्डर दुसऱ्या खात्यास वाचता येत असत. जुन्या यंत्रावर ते तसेच राहिले असण्याचा संभव आहे. आपल्या खात्याच्या मुख्य फोल्डराच्या गुणधर्मांत परवानग्यांचे पान असते. तेथे इतरांपुढे ‘काही नाही’ असे करून ठेवावे.

खाते उघडे टाकून शिक्षक जेवायला उठला तर ह्या सगळ्याचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. उठताना विंडोजची खूण असलेली कळ व इंग्रजी एल ही दोन अक्षरे एकदम दाबावीत. पडदा बंद होतो, काम तसेच राहते. फळा पुसून वर्गाबाहेर पडण्यासारखी ती सवय आहे.

आता कुलपाची मर्यादाही सांगितली पाहिजे. खात्याचे कुलूप घरातील माणसांपुरते आहे. यंत्रातील चकती काढून दुसऱ्या यंत्रास जोडली, किंवा पेन ड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली चालू केली, तर ती परवानग्यांचे हे नियम मानीत नाही. लॅपटॉप चोरीस गेला किंवा तालुक्याच्या गावी दुरुस्तीस दिला म्हणजे हा धोका उभा राहतो. त्याकरिता संपूर्ण चकतीच सांकेतिक लिपीत ठेवण्याची सोय आहे. विंडोजच्या काही आवृत्त्यांत तिला बिटलॉकर म्हणतात, आणि पुष्कळ नव्या यंत्रांत तीच गोष्ट ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ह्या नावाने आपोआप चालू असते. हिची ४८ अंकी पुनर्प्राप्तीची किल्ली असते. ती कोठे साठविली आहे हे यंत्र धड असतानाच पाहून कागदावर उतरवून ठेवावे. यंत्राने ती एकदा मागितली आणि ती सापडली नाही, तर आतील कागद कोणासही परत आणता येत नाहीत. हे कुलूप चोरासाठी आहे. त्याच यंत्रात दुसऱ्या खात्याने आलेल्या घरच्या माणसास ते अडवीत नाही. म्हणून एक केले म्हणजे दुसऱ्याची गरज नाही असे समजू नये. दुरुस्तीचा दुकानदार पासवर्ड मागतो तेव्हा तर दोन्ही कुलपे आपल्याच हाताने उघडली जातात. यंत्र चालू होत असेल तर विद्यार्थ्यांच्या याद्या आधी काढून घ्याव्यात, मगच ते दुकानात न्यावे.

काही कागद असे असतात की त्यांना खोलीच्या कुलपाखेरीज स्वतःची डबीही हवी. वर्ड व एक्सेल ह्यांत फाइल परवलीच्या शब्दाने बंद करण्याची सोय ‘फाइल’, ‘इन्फो’ ह्या पानावर ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ ह्या नावाने आहे, व ती भक्कम आहे. परंतु एक्सेलमध्येच ‘प्रोटेक्ट शीट’ नावाची दुसरी सोय आहे, आणि कित्येक शिक्षक तिलाच कुलूप समजतात. ती केवळ चौकटीतील आकडे चुकून बदलले जाऊ नयेत म्हणून आहे. वाचणाऱ्यास ती अडवीत नाही. अनेक फायली एकत्र बंद करावयाच्या असल्यास सेव्हन-झिप हा विनामूल्य प्रोग्राम आहे. त्यात सेव्हन-झेड हा प्रकार निवडून परवलीचा शब्द द्यावा आणि फायलींची नावेही झाकण्याची जी खूण असते ती करावी. नाहीतर डबी न उघडता आत कोणत्या मुलाचे प्रमाणपत्र आहे हे नावावरून कळते. डबी बंद केल्यावर मूळ फायली बाहेर तशाच राहतात, त्या पुसाव्यात आणि कचरापेटीही रिकामी करावी. हे शेवटचे काम बहुतेक जण विसरतात.

ह्या डबीचा शब्द विसरला तर तो सांगणारा कोणी नाही. खात्याचा शब्द विसरल्यास कारभारी नवीन देऊ शकतो. डबीचे तसे नाही. म्हणून शब्द असा असावा की तो आठवेल पण घरच्यांना सुचणार नाही. मुलाचे नाव व जन्मसाल हा शब्द नव्हे. तो घरातील प्रत्येकास पाठ असतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लागोपाठ लिहिले तर शब्द लांब होतो व ध्यानातही राहतो.

एवढे झाल्यावर घरातून जो आक्षेप येतो तो यंत्राविषयी नसतो. ‘आपल्याच घरात हे कुलूप कशाला? लपविण्यासारखे काय आहे?’ असे वडीलधारी विचारतात, आणि कधी पती पत्नीस किंवा पत्नी पतीस विचारते. ह्या प्रश्नातील दुखावलेपण खरे असते, त्याची हेटाळणी करू नये. शिक्षकाने उत्तर द्यावे ते इतके की, ह्यातील निम्मे कागद दुसऱ्यांच्या मुलांचे आहेत व ते दाखविण्याचा अधिकार त्याला नाही. ज्या पत्नीचे बचतगटाचे हिशेब त्याच यंत्रात आहेत तिलाही हीच गोष्ट लागू आहे. कोणत्या बाईने किती कर्ज उचलले व कोणाचा हप्ता थकला हे गटाबाहेर जाऊ नये, आणि पती हा गटाबाहेरचाच असतो. स्वतःच्या खात्याचा मान मागणाऱ्या शिक्षकाने तिच्या खात्याचा शब्द मागू नये.

मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. लहान मुलाचे खाते आईवडिलांनी पाहणे हे त्यांचे कर्तव्यच होय, आणि कारभाऱ्याच्या किल्लीने ते त्यांना पाहताही येते. परंतु पाहणार असल्यास ते मुलास सांगून पाहावे. आठवी-नववीतील मुलगी स्वतःपुरते काही लिहीत असेल, आणि वडिलांनी ते गुपचूप वाचून जेवताना त्यावर टीका केली, तर ती लिहिणे थांबविते. किंवा लिहिते, पण अशा जागी लिहिते जेथे आईवडिलांची दृष्टी पोहोचत नाही आणि परक्यांची पोहोचते. ज्या मुलाचे खाते घरात राखले जाते, त्यालाच दुसऱ्याची वही न विचारता उघडू नये हे सांगता येते. वर्गात हा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. शाळेच्या संगणकावर बसण्यापूर्वी आपापले खाते उघडणे आणि उठताना बंद करणे ह्यातच तो येतो.

एका बाबतीत मात्र अतिगुप्तता घातक ठरते. विमा, भविष्यनिर्वाह निधी, बँकेतील ठेवी, जमिनीचे उतारे ह्यांचे कागद केवळ स्वतःच्या खात्यात बंद करून कर्ता माणूस एकाएकी गेला, तर मागे राहिलेल्यांच्या हाती बंद यंत्र येते. ह्या कागदांच्या छापील प्रती घरातील कपाटात असाव्यात. कारभाऱ्याच्या खात्याचा शब्द आणि ती ४८ अंकी किल्ली एका लिफाफ्यात घालून, लिफाफा चिकटवून, त्यावर सही करून पत्नीच्या किंवा घरातील जबाबदार माणसाच्या हवाली करावा. लिफाफा फुटलेला दिसल्यास शब्द बदलावा.

शेवटी बदलीविषयी. शाळेचा लॅपटॉप मुख्याध्यापक म्हणून एखाद्या शिक्षकाकडे तीन-चार वर्षे असतो, तो घरीही येतो आणि घरच्या मंडळींची छायाचित्रे त्यात साठतात. कार्यभार देताना यंत्र जसेच्या तसे दुसऱ्याच्या हाती दिले जाते. कार्यभार देण्यापूर्वी शाळेचे अभिलेख शाळेच्या खात्यात आहेत की नाहीत हे पाहावे, घरची छायाचित्रे व कागद आपल्या पेन ड्राइव्हवर घ्यावेत, ब्राउझरमधून आपले ईमेलचे खाते बाहेर काढावे, आणि मगच नव्या मुख्याध्यापकांच्या समक्ष आपले वैयक्तिक खाते यंत्रातून काढून टाकावे. खाते काढताना त्यातील सर्व फायलीही नष्ट होतील अशी सूचना यंत्र देते. ती पूर्ण वाचून, प्रती घेतल्याची खात्री करून, मगच होकाराची कळ दाबावी.